लाभ, दोन, तीन

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला,
विचारलं, काका, काय दिसतंय?
मी मान वाकडी करून पाहिलं.
म्हटलं, थप्प्या.
ही एक थप्पी, ती एक थप्पी, मधे गल्ली.
उजव्या गुडघ्यातल्या गल्लीतून
माणूस अंग चोरून गेला असता.
डाव्यात उंदीरसुद्धा अडकला असता.

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बरोबर. मधली गादी झिजली.
चारातली तिसरी पायरी.

पायऱ्यांचं मला सांगू नका.
कोपरखैरण्यात दुसरा मजला, लिफ्ट नाही,
अठ्ठावीस आहेत. रोज मोजतो.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं.
पन्नासाची गोण घेतली की पाठ बोलायची,
मान बोलायची,
गुडघा कधीच नाही.
टोळीतला मुका गडी,
त्याला कोणी विचारलंही नाही.
आता बोलायला लागलाय तर थांबत नाही:
संडासात बसताना, रिक्षातून उतरताना,
रात्री दोनला, काही कारण नसताना,
कट्. कट्.

उपाय सगळ्यांकडे आहेत.
इंदूने निरगुडीचा पाला उकळला.
मेव्हण्याने जावळीहून तेल पाठवलं,
ते लावलं की मांजर खोलीत येईना.
वरचे गोळे म्हणाले, वाटी बदलून टाक,
बायकोने दोन्ही बदलल्या, आता माझ्यापुढे चालते.
(खरं आहे. तो मागे राहिला तर ती थांबतही नाही.)
एकजण म्हणाला वंगणाची सुई घे,
दुसरा म्हणाला घेऊ नकोस.
मी गोळ्या खाल्ल्या, मनानेच, दोन महिने.
पोट बिघडलं,
गुडघा होता तिथेच.

बाई म्हणाल्या, ऑपरेशन कुठे पळून जात नाही.
लागलं तर करू. आधी स्वस्तातलं बघू.
तुमच्या अंगावरचा एक किलो उतरला
तर चालताना गुडघ्यावरचे चार उतरतात.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
बाहेर बाकावर बसून हिशेब केला.
बारा किलो जास्त आहे.
बारा चोक अठ्ठेचाळीस.
म्हणजे कार्ड जमा करून पाच वर्षं झाली तरी
एक गोण मी घेऊनच हिंडतोय,
पावलागणिक,
बिनमजुरीची.

व्यायाम शिकवणारी पोरगी, नाव सायमा,
आडनाव मुकादम.
म्हटलं, झालं, इथेही मुकादम.
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली.
दाबा. धरा. दहापर्यंत मोजा. सोडा.
मी मोजलं: लाभ, दोन, तीन…
ती थांबली. काका, एकला लाभ का म्हणता?
म्हटलं, खळ्यावर बाप असंच मोजायचा,
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
पुढच्या मापांना बरकत राहत नाही.
आता तीही तसंच मोजते,
शेजारच्या खाटेवरच्या सिंधी काकू गोंधळतात.

काठी मात्र महिनाभर घेतली नाही.
ज्या हाताने आकडा धरला, गोणीत रुतवला,
त्या हातात काठी?
आकडा अजून खिळ्याला आहे दाराशी,
काठी त्याच्याच खाली टेकवून ठेवलेली.
इंदू काही बोलली नाही.
एका सकाळी दूध आणायला गेलो
आणि परत येताना पाहिलं, हातात काठी होती.

सात आठवडे. दोन किलो.
दोन चोक आठ.
फार नाही, बायका मंडईतून आणतात तेवढं.
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा,
हे सायमाने दोनदा लिहून दिलंय
तरी सतराव्या पायरीवर चुकतो.
आजही चुकलो. कठडा धरून उभा राहिलो.
गोळेबाई मागून आल्या, पिशवी घेऊन,
"बसायचं नाही हं, मग उठवत नाही,"
म्हणाल्या आणि वर गेल्या.

कट्, म्हणाला गुडघा.
म्हटलं, बोल बाबा.
मला काही घाई नाही.